टेइन फ्लेक्स झेड: लोअर केलेल्या स्विफ्टच्या पुढच्या शॉकअपचा नॉब, गोव्याच्या हिशेबाने

लोअर केलेल्या स्विफ्टला टेइन फ्लेक्स झेड हे उंची बदलता येणारे शॉकअप-स्प्रिंग किट लावले असेल तर शॉकअप घट्ट-सैल करणारे पुढचे दोन्ही नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अलगद शेवटपर्यंत फिरवा, तिथून दहा क्लिक मागे या आणि गाडी बाहेर काढा. गोव्यातल्या रस्त्यांसाठी सुरुवात इथून करावी. पुढचे सगळे फेरफार बहुतेक आठ ते बाराच्या मध्येच होतात. शून्य (सगळ्यात घट्ट) ते चार हा पट्टा इथे म्हणजे विकतचे दुखणे, आणि चौदाच्या पुढे गेलात की नव्या शॉकअपचे पैसे मोजून जुन्या शॉकअपची डुगडुग घेतलीत.

किट चांगले आहे. पण जे काम त्याचे नव्हे तेच त्याच्याकडून करून घ्यायचा हट्ट फार दिसतो. गाडी गतिरोधकावर घासते, करा नॉब घट्ट. बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबू न देणाऱ्या रबरावर) आपटते, करा घट्ट. टायर आतल्या कडेने झिजतो, तरी नॉबच. यातले एकही दुखणे नॉबने बरे होत नाही. म्हणून या परीक्षणात नॉबच्या आधी उंचीचा हिशेब घेतला आहे.

किटमध्ये काय मिळते

टेइन ही योकोहामाची जपानी कंपनी. फ्लेक्स झेड हे तिचे ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचे), सोळा टप्प्यांचे, पूर्ण लांबी बदलता येणारे किट आहे. पुढच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाला) वरचे माउंटिंग सोबत येते. बॉडी सीलबंद असते. आतले तेल-सील बदलून पुन्हा उभा करायचा शॉकअप नव्हे हा. गेला की तो भाग नवा घ्यायचा. काहींना हे खटकते. पण गोव्यात शॉकअप उघडून, नायट्रोजन भरून, डायनोवर (विरोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून देणारे दुकान शोधत फिरण्यापेक्षा सुटा भाग मागवणे सोपे.

पूर्ण लांबी बदलता येणे हा यातला सगळ्यात मोलाचा गुण, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोलले जाते. साध्या थ्रेडेड किटमध्ये गाडी खाली घ्यायची तर स्प्रिंगखालची ताटली खाली फिरवतात. गाडी जितकी खाली येते तितका शॉकअपचा दाबायचा प्रवास कमी होतो. फ्लेक्स झेडमध्ये शॉकअपची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरते. त्यामुळे गाडी ३० मिमी खाली घेतली तरी दांड्याचा प्रवास आहे तेवढाच राहतो. स्प्रिंगची ताटली मग फक्त प्रीलोडसाठी, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून बसवायची त्यासाठी, उरते. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते हा समज गॅरेजमध्ये घट्ट बसलेला आहे. सरळ दराची स्प्रिंग ४ किलो प्रति मिमीची (दर मिमी दाबायला ४ किलो लागणारी) असेल तर ती प्रीलोड देऊनही ४ किलोचीच राहते. बदलतो तो चाक खाली लोंबण्याचा वाव. ताटली इतकीच वर घ्या की चाक हवेत असताना स्प्रिंग हाताने हलणार नाही. सुरुवातीला त्याहून जास्त नको.

नॉब एकच, आणि तो बंप व रिबाउंड दोन्ही एकदम बदलतो. बंप म्हणजे चाक वर येतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग सुटतानाचा. साध्या रस्त्यावरच्या शॉकअपमध्ये रिबाउंडचा विरोध बंपपेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे नॉब फिरवल्यावर फरक जाणवतो तो मुख्यतः रिबाउंडमध्ये. तुलनेसाठी सांगायचे तर कोनी स्पोर्टच्या पिवळ्या शॉकअपमध्ये फक्त रिबाउंड बदलतो आणि तिथे क्लिक नसतात, फेरे मोजावे लागतात. बिल्स्टीन बी ८ मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, पण त्याला फिरवायला काहीच नाही. ज्यांना एकदा बसवून विसरायचे आहे त्यांनी बी ८ पाहावा. ज्यांची गाडी आठवडाभर डिचोली-पणजी करते आणि रविवारी चोर्ला घाट चढते, त्यांना नॉबचा उपयोग आहे.

एक सावधगिरी. स्विफ्टच्या एका पिढीचे किट दुसऱ्या पिढीला बसेल, किंवा स्विफ्ट स्पोर्टचे किट आपल्याकडच्या साध्या स्विफ्टला बसेल, असे धरून पैसे भरू नका. नकलच्या (स्ट्रटला जोडलेल्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टांमधले अंतर, बोल्टचा व्यास, ब्रॅकेटच्या कानांमधली रुंदी आणि लिंक रॉडचा (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या दांडीचा) कान कुठे आहे या चार गोष्टी जुन्या स्ट्रटवर मोजून विक्रेत्याकडून लेखी घ्या.

किती खाली?

तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे. ३० मिमी खाली घेतली की १३३ उरतात. चार माणसे आणि डिकीत सामान आले की स्प्रिंगा आणखी दबतात.

आता गतिरोधकाकडे या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक गोलाकार, १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असायला हवा. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. असा गतिरोधक दोन चाकांच्या बरोबर मध्ये आला की गाडीच्या पोटाखाली तो चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४४ मिमी वर येतो, कारण चारही चाके त्याच उंचवट्यावर चढलेली असतात. १३३ मिमीच्या गाडीला तो लागायचे कारणच नाही. पण वाड्यावरच्या वळणावर, शाळेसमोर, देवळाच्या कमानीपाशी जो डांबराचा किंवा काँक्रीटचा उंचवटा कुणीतरी रातोरात घालून ठेवतो तो मीटरभर रुंद आणि १२-१५ सेंमी उंच असतो. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाला लागते. १५ सेंमीचा उंचवटा १३३ मिमीच्या गाडीखालून जात नाही. शॉकअप कितीही घट्ट केला तरी नाही. शॉकअप वेगाला विरोध करतो, उभ्या गाडीचे वजन तो उचलत नाही. ते काम स्प्रिंगचे.

म्हणून पुढे २५ मिमीपर्यंतच खाली घ्यावी असे आमचे मत आहे. ३० ही शेवटची हद्द. त्याखाली गेल्यावर आणखीही एक गोष्ट बिघडते. स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरता असतो. गाडी फार खाली घेतली की तो आडवा होतो, मग उलटा चढता होतो. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) जमिनीकडे घसरतो, वळणावर बॉडी उलट जास्त कलते, आणि टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बदलल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपसूक इकडेतिकडे ओढते. मग मालक म्हणतो, गाडी कलते, घट्ट करा. गाडी १० मिमी वर घ्या, कलणे कमी होईल.

उंची जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा फसवतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. किट लावण्याआधीचे चारही आकडे लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूत ३ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

केबल टायची चाचणी

क्लिक मोजण्याआधी हे करायचेच, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारींचे उत्तर इथेच मिळते. पुढचे चाक काढा, स्ट्रटवरचे रबरी बूट वर सरकवा. चकचकीत दांड्याभोवती एक बारीक केबल टाय बांधा. तो हाताने सरकला पाहिजे, पण आपोआप पडता कामा नये. सरकवून खाली सीलला टेकवा, जास्तीचे शेपूट कापा, बूट खाली घ्या, चाक लावा. आता नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या माणसांसह वीसेक किलोमीटर जा. परत येऊन पाहा: शॉकअप जितका दबला तितका टाय वर सरकून थांबलेला असतो.

टाय आणि बंप स्टॉप यांच्यात १५-२० मिमी उरले असतील तर उत्तम. टाय बंप स्टॉपला टेकून किंचित चेपला असेल तर एखाद्या मोठ्या खड्ड्यापुरते चालेल. टाय स्टॉपमध्ये रुतून बसला असेल, तर गाडी रोज रबरावर चालते आहे. आता दोन रस्ते आहेत: स्प्रिंग कडक घ्या किंवा शॉकअपला प्रवास द्या. यात घोळ होतो. फ्लेक्स झेडसारख्या किटमध्ये नळी फिरवून गाडी वर घेतली तर पोटाला जागा मिळते, दांड्याचा प्रवास वाढत नाही. प्रवास हवा असेल तर स्प्रिंगची ताटली काही मिमी वर घ्यावी लागते, आणि मग उंची नळीने पुन्हा जुळवायची. साध्या थ्रेडेड किटमध्ये ताटली वर घेतली की दोन्ही कामे एकदम होतात. बंप स्टॉप कापून टाकणे हा उपाय नव्हे. स्टॉप नसला की दांड्याचे पिस्टन तळाच्या झडपेवर आदळते, आणि सीलबंद शॉकअप तिथेच संपतो.

क्लिक कसे मोजायचे

गाडी थंड, टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सपाट जागा. बॉनेट उघडा. काही गाड्यांत स्ट्रटचे डोके वायपरखालच्या प्लास्टिकच्या झाकणात लपलेले असते. ते काढताना क्लिपा तुटतात, दोन-चार जादा आणून ठेवा. टोपी काढली की दांड्याच्या टोकात नॉब दिसतो.

मोजणी नेहमी घट्ट टोकापासून. घड्याळाच्या दिशेने फिरवत गेले की घट्ट. शेवट आला की थांबा. तो शेवट म्हणजे आत एका बारीक सुईचे टोक छिद्रावर टेकते. दोन बोटांच्या जोराने थांबेल तिथे शून्य. पाना लावून आणखी अर्धा फेरा काढलात की सुई कायमची रुतली, आणि मग त्या बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूशी कधीच जुळणार नाही. तिथून उलट दिशेने मोजत या: एक, दोन, तीन... दहा. प्रत्येक क्लिक बोटाला लागतो. न लागला तर परत शून्यावर जाऊन पुन्हा मोजा. सैल टोकाकडून मोजू नका. तिकडे सोळाच्या पुढेही नॉब फिरत राहिला, तर दोन बाजूंचे आकडे फसतात. दोन्ही बाजूंना एकच आकडा. बॉनेटच्या आतल्या बाजूला कागदी टेप लावून तारीख, पुढचा आकडा, मागचा आकडा आणि टायरमधली हवा लिहा. हे केले नाही तर तिसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही.

एका वेळी दोन क्लिक बदला. एका क्लिकचा फरक रस्त्यावर ओळखता येईल असा बहुतेकांना भास होतो. आणि एका वेळी एकच टोक: आधी पुढचे जमू द्या, तोवर मागचे नॉब मध्यावर, म्हणजे आठवर, ठेवून विसरा. स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारी पिळदार तुळई) आहे आणि रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर वजनही थोडे. पुढचे नक्की झाल्यावर मागचे पुढच्यापेक्षा एक-दोन क्लिक सैल ठेवले की बहुधा बसते. मागच्याबद्दल याहून जास्त डोके लावायची गरज नाही.

रस्ता काय सांगतो

गोव्यात शॉकअप तपासायला रंबलरइतकी (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांच्या रांगेइतकी) चांगली जागा नाही. पट्ट्या एकेक मीटरवर असतील आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर चाकाला सेकंदाला अकरा ठोके बसतात. लोअर केलेल्या छोट्या गाडीची बॉडी स्वतःच्या तालात सेकंदाला साधारण दोनदा हलते, आणि चाक-नकल-ब्रेक हा खालचा सांगाडा दहा ते पंधरा वेळा. म्हणजे अकरा ठोके चाकाच्या स्वतःच्या तालाच्या अगदी शेजारी पडतात. शॉकअप सैल असेल तर चाक नाचते, स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर येते, आणि पट्ट्यांवर ब्रेक लावला तर एबीएस लवकर कुरकुरते. इथे दोन क्लिक घट्ट करा.

उलट दुखणे ओळखायला कठीण आहे आणि गोव्यातल्या गाड्यांत तेच जास्त. पहिल्या दोन पट्ट्या ठीक जातात, तिसरी कडक लागते, पाचवी-सहावी तर थेट पाठीच्या मणक्यात. सगळ्या पट्ट्या एकसारख्याच असतात. बदलते ती गाडी. रिबाउंड फार घट्ट असला की दबलेली स्प्रिंग पुढच्या ठोक्याआधी पूर्ण सुटत नाही. प्रत्येक ठोक्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या पट्ट्या ती बंप स्टॉपवरच घेते. चालवणाऱ्याला वाटते शॉकअप मऊ आहे म्हणून आपटतो. तो आणखी घट्ट करतो. गाडी आणखी खाली बसते. अशा वेळी सैल करा. दोन क्लिक मागे घेतल्यावर सहावी पट्टी पहिलीसारखी लागू लागली की आकडा सापडला.

मांडवीवरचा अटल सेतू किंवा झुआरीवरचा मनोहर सेतू, यांवरचे जोड वेगळी परीक्षा घेतात. तिथे वेग जास्त, ठोका एकटा. जोड ओलांडल्यावर बॉडी एकदा वर, एकदा खाली आणि शांत झाली पाहिजे. दुसऱ्यांदा डोलली तर शॉकअप सैल आहे. जोडावर "टण्" असा कोरडा ठोका आला आणि बॉडी अजिबात हलली नाही, तर तो घट्ट आहे. खनिजाच्या ट्रकांनी लाटा पाडलेल्या अंतर्गत रस्त्यांवर याच्या उलट: तिथे बॉडीचे लांब डोलणे आवरायला एक-दोन क्लिक घट्ट बरे वाटतात. दोन्ही रस्ते रोजचे असतील तर मधला आकडा धरा, आणि एकीकडे थोडे सहन करा.

घाटात, विशेषतः पावसात, निकष बदलतो. वळणात शिरताना गाडीचे तोंड बाहेर सरकत असेल, स्टीअरिंग आणखी वळवूनही फरक पडत नसेल, तर पुढचे सैल करा. ओल्या डांबरावर टायरला जमीन धरून ठेवायला वजन हळूहळू यावे लागते. घट्ट शॉकअप ते झटक्याने आणतो आणि टायर सुटतो. जून ते सप्टेंबर पुढचे नॉब अकरा-बारावर ठेवावेत, ऑक्टोबर उजाडला की परत दहा किंवा नऊ. ब्रेक मारल्यावर नाक फार लवकर खाली जाते, किंवा डावीकडून लगेच उजवीकडे वळताना गाडी उशिरा उत्तर देते, अशी तक्रार असेल तेव्हाच पुढचे घट्ट करा.

कडक स्प्रिंग आली म्हणजे शॉकअपही त्याच प्रमाणात घट्ट हवा, हेही खरे नाही. लागणारे डँपिंग (डोलणे आवरणारा विरोध) स्प्रिंगच्या दराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. २ किलोची स्प्रिंग काढून ४ किलोची घातली तर डँपिंग साधारण १.४ पट लागते, दुप्पट नव्हे. नॉब शून्यावर नेऊन ठेवणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. "पात्रांव, फुल हार्ड करून सोडूं?" असे बसवणाऱ्याने विचारले तर नको म्हणा.

बसवताना होणारे घोळ

पुढचे दोन स्ट्रट सवयीच्या हातांना दोन-तीन तासांचे काम. घोळ ठरलेले आहेत.

दांड्यावरचा नट हवेच्या गनने काढतात-लावतात. दांडा आत गरगर फिरतो आणि नव्या सीलची धार तिथेच जाते; महिन्याभरात तेल पाझरते आणि दोष किटला मिळतो. हातपान्याने करा, दांडा वरच्या चपट्या बाजूंवर धरा. नॉबच्या भोकात अ‍ॅलन की खुपसून दांडा धरू नका, आतली सुई वाकते.

लोअर आर्मचे बुश रबराचे असतात. गाडी जॅकवर, चाक लोंबते आहे, आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते. बुश लवकर फाटतो आणि गाडीची उंचीही काही मिमीने फसते. बोल्ट आधी नुसते बसवा, गाडी चाकांवर उभी करा, पुढे-मागे ढकला, मग खालून शेवटचे आवळा. रॅम्प असलेले गॅरेज यासाठी शोधावे. खालून काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोड्या (जॅक स्टँड) लावूनच.

लिंक रॉड जुनीच वापरली आणि ती आता तिरकी बसली, तर अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारी आडवी दांडी) एका बाजूला आधीच पिळलेला राहतो. गाडी सपाट उभी असताना दोन्ही लिंक ताणाशिवाय हाताने बसल्या पाहिजेत. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. चाकाला घासली तर पहिल्याच पावसात कळेल, पण उशिरा.

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो, दर वेळी. टायर आतून झिजण्याचे मुख्य कारण टो आहे, कँबर (समोरून पाहता चाकाचा कल) नव्हे. उणे एक अंशाच्या आसपासचा कँबर टायर खात नाही, बिघडलेला टो काही हजार किलोमीटरांत खातो. टो शून्याच्या जवळ ठेवा. नव्या स्प्रिंगा काही मिमी बसतात, म्हणून पहिले अलाइनमेंट लगेच आणि दुसरे २००-३०० किलोमीटरनंतर, असा दोनदा खर्च धरून चाला.

आवाज

जागच्या जागी स्टीअरिंग वळवताना "टण्-टण्" करत स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज: वरच्या माउंटिंगचे बेअरिंग अडकते आहे किंवा स्प्रिंग ताटलीत नीट बसलेली नाही. हळू वेगात लहान दगडांवर "खड-खड", मोठ्या खड्ड्यात मात्र शांत: लिंक रॉडचा बॉल किंवा वरचा नट सैल. प्रत्येक ब्रेकला एकच "टक्": नकलचे बोल्ट. लॉक रिंगा सैल झाल्या की आवाज कुठून येतो तेच कळत नाही, म्हणून बसवल्या दिवशी रिंगेपासून नळीपर्यंत पेंटच्या पेनने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की उत्तर मिळाले. यातला कुठलाही आवाज नॉब सैल करून दबतो, आणि म्हणूनच तसे करू नये.

मीठ आणि तांबडी माती

इथल्या हवेला कुठल्याच लेपाची पर्वा नसते. मिरामार किंवा कळंगुटला रोज गाडी उभी राहत असेल तर आटे गंजतात. आत सत्तरी-फोंड्याकडे गंज कमी, पण तांबडी माती आट्यांत भरून उन्हाने विटेसारखी वाळते. वर्षभर रिंग फिरवली नाही की ती फिरत नाही. मग छिन्नी-हातोडा येतो, रिंगेचे कान उडतात, आणि पूर्ण लांबी बदलण्याचा जो गुण विकत घेतला तो संपतो.

पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा: साधे पाणी, नायलॉनचा ब्रश, आटे वरून खाली घासून कोरडे करा, आणि कोरड्या जातीचे वंगण हलक्या हाताने मारा. ग्रीस थापू नका, माती तिलाच चिकटते. रिंगा दोन आटे फिरवून परत रेघेवर आणा. बॉनेटखाली नॉबवरची रबरी टोपी हरवू देऊ नका. स्ट्रटच्या डोक्याशी पाणी साचते आणि क्लिक बोटाला लागेनासे होतात. दर दोन महिन्यांनी नॉब शून्यापासून शेवटपर्यंत एकदा फिरवून पुन्हा आपल्या आकड्यावर आणा.

घ्यावे का?

गाडी २५-३० मिमी खाली हवी आहे, रस्ते दोन-तीन तऱ्हेचे आहेत आणि वर्षातून दोनदा आटे साफ करायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावे. किंमत विचारताना सीमाशुल्क, कुरिअर, दोन अलाइनमेंट आणि नव्या लिंक रॉड धरूनच आकडा मांडा. फक्त मडगार्ड आणि टायरमधली फट खुपते म्हणून गाडी खाली घ्यायची असेल, तर हे किट महाग पडते. मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंगा घालणे त्याहून स्वस्त दिसते, पण मूळ शॉकअप तेवढ्या कडक स्प्रिंगेला आवरण्यासाठी केलेला नसतो आणि आयुष्यभर प्रवासाच्या तळाशी चालतो. नाव नसलेल्या स्वस्त कॉइलओव्हरमध्ये (अशाच शॉकअप-स्प्रिंग किटमध्ये) अनेकदा बत्तीस क्लिक असतात; दहा क्लिक फिरवूनही फरक जाणवत नसेल तर ते फक्त आवाजाचे क्लिक आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदणीच्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल चालत नाही. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, जुने स्ट्रट आणि स्प्रिंगा भंगारात देऊ नका.

शॉकअप संपला की नाही हे नॉबच सांगतो. एका बाजूचा नॉब शून्यावर आणा, त्या बाजूचे मडगार्ड जोराने दाबून सोडा. मग सोळावर आणून तेच करा. धडधाकट शॉकअपमध्ये शून्यावर बॉडी हळू, जड अशी वर येते आणि सोळावर चटकन उसळते. दोन्ही वेळा सारखीच उसळली, आणि दांड्यावर नुसता ओलावा नसून नळीवरून तेलाचा ओघळ उतरलेला दिसला, तर क्लिक मोजणे थांबवा आणि त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही शॉकअप जोडीने बदला.